अश्लील गाणे टिकते का? लावणीच्या वाटेने एक शोध

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सादर व्हावयाच्या गाण्यांच्या संहिता आधी वाचून पाहाव्यात म्हणून प्राध्यापकांची एक छोटी समिती नेमली गेली आणि मराठी शिकवतो एवढ्याच अर्हतेवर तिच्यात माझी वर्णी लागली. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने वऱ्हाडीत रचलेले रॅप गाणे दिले होते. विषय कापसाच्या भावाचा. बाप गाडीत कापूस भरून बाजारात जातो, दिवसभर ताटकळतो आणि पडत्या भावाने विकून अंधारात घरी येतो, इतकीच कथा. तिच्यात तीन ठिकाणी शिव्या होत्या. मी लाल शाईने तिन्ही खोडल्या आणि कागद परत केला. मुलगा वाद घालणारा नव्हता. कागदाची घडी घालता घालता त्याने एवढेच विचारले, "सर, राम जोश्याची लावनी तुमी वर्गात शिकवता. ते जुनी हाये म्हनून चालते का जी?"

मी काहीतरी उत्तर दिले. शृंगार वेगळा, शिवी वेगळी, अभिजात वेगळे, थिल्लर वेगळे, असे शिक्षकाला साजेसे ते उत्तर होते. मुलगा "बरं" म्हणून निघून गेला. पण ते उत्तर माझे मलाच पटलेले नव्हते. त्याच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न होते. एक, ज्याला आपण अश्लील म्हणतो ते गाणे काळाच्या कसोटीवर टिकते का? आणि दोन, टिकले तर ते अश्लीलतेमुळे टिकते की अश्लीलता असूनही? या लेखात त्या दोन प्रश्नांचा माग मराठी गाण्याच्या इतिहासातून काढून पाहावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. 'अश्लील' हा शब्द आपण सरसकट वापरतो; पण शृंगारिक, ग्राम्य, द्व्यर्थी आणि शिवराळ या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. संस्कृत काव्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लीलतेची गणना दोषांत केली आणि तिचे तीन प्रकार मानले : लाज उत्पन्न करणारे, किळस उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचविणारे. ग्राम्यता हा त्याने वेगळा दोष मानला. पण हे सर्व सांगून झाल्यावर तोच मम्मट पुढे म्हणतो की, प्रसंग तसा असेल तर हाच दोष गुण होतो. प्रणयाच्या गोष्टी चालल्या असताना दुहेरी अर्थाच्या शब्दांनी गुह्य सुचविणे हे कामशास्त्राला धरून आहे, असे तो आधार देऊन सांगतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताच्या लेखी प्रश्न शब्दाचा नव्हता, औचित्याचा होता. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणत्या प्रसंगी, यावर दोष की गुण हे ठरणार होते. समितीत बसलेल्या मला लाल शाई उचलण्यापूर्वी हे आठवावयास हरकत नव्हती.

मम्मटाच्याही पूर्वी जाता येते. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातील गाथांची संपदा. आपल्या भाषेची ही आजी किंवा पणजी. तिच्यात शेत राखणाऱ्या पोरी आहेत, वाटसरूला रात्री कुठे निजावे हे आडून सुचविणाऱ्या गृहिणी आहेत, नवऱ्याची फजिती करणाऱ्या सख्या आहेत. त्यांतील कित्येक गाथांचा अर्थ वर्गात सांगताना आजही आवाज खाली येतो. तरीही अलंकारशास्त्राच्या आचार्यांनी ध्वनीची उदाहरणे म्हणून याच गाथा पुन्हा पुन्हा निवडल्या. कारण उघड आहे. गाथेत जे सांगितले जाते त्याहून न सांगितलेले अधिक असते आणि ते पुरे करण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपविलेले असते. ऐकणारा त्या गुन्ह्यातला भागीदार होतो. असे गाणे प्रत्येक पिढीला नवा भागीदार शोधत राहते. टिकण्याचे एक रहस्य इथे हाती लागते.

आता लावणीकडे वळू. उत्तर पेशवाईतील शाहिरांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात : संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, होनाजी आणि बाळा ही जोडी, प्रभाकर, वावीचा परशराम, जेजुरीकडचा सगनभाऊ. जातींची यादी पाहिली तर ब्राह्मण, गवळी, शिंपी, शिकलगार मुसलमान असे सगळे तिच्यात दिसतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या फडांना राजाश्रय मिळाला आणि पुढे पेशवाई बुडाल्यावर लावणीलाच त्या बुडण्याचे एक कारण ठरविण्यात आले. एकोणिसाव्या शतकातील नवशिक्षितांना लावणी ऐकणे म्हणजे अधःपाताची खूण वाटू लागली. इंग्रजी शाळेतून आलेल्या नीतीने आणि आपल्याकडच्या सोवळेपणाने येथे हातमिळवणी केली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने तर सार्वजनिक जागी अश्लील गाणे म्हणणे हा गुन्हाच ठरविला. ते कलम २९४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ही तरतूद कलम २९६ म्हणून आपल्यासोबत आहेच.

तरीही लावणी टिकली. कशामुळे टिकली? राम जोशी याचे उदाहरण घ्या. संस्कृत शिकलेला, कीर्तनकाराच्या घरातला हा मनुष्य तमाशात गेला, घरच्यांचा रोष ओढवून घेतला आणि पुढे पुन्हा कीर्तनाकडे वळला. मोरोपंत आणि त्याच्या भेटीच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. तमाशात असतानाची रचना आणि कीर्तनातली रचना शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. विषय पालटला, पण यमकांची ती दाट वीण, अनुप्रासाची ती धावपळ, डफाच्या ठेक्यावर अक्षर बरोबर बसविण्याची ती हुकमत मुळीच पालटलेली नाही. स्त्रीच्या नखशिखान्त वर्णनाला जी कारागिरी लागली तीच ढोंगी साधूंच्या वस्त्रहरणाला लागली. अनंत फंदीची कथा अशीच. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्याने डफ खाली ठेवला असे सांगतात. पण त्याच्या फटक्यातला फटकारा तमाशाच्या बोर्डावरच कमावलेला आहे.

या परंपरेचा एक धागा थेट आमच्या शेगावात येऊन पोचतो, आणि तो इथल्या फार थोड्यांच्या ध्यानात असतो. शेगावात आणि शेगावाबाहेर लाखो घरांत ज्या ग्रंथाचे पारायण होते तो 'श्रीगजाननविजय' हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ दासगणू महाराजांनी १९३९ साली सिद्ध केला. दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८, निधन १९६२. तरुणपणी ते नगर जिल्ह्यात पोलीस खात्यात शिपाई होते आणि त्यांना तमाशाचा विलक्षण नाद होता. ते लावण्या रचीत आणि फडांतून वावरत, हे त्यांचे चरित्रकार लपवीत नाहीत. पुढे नानासाहेब चांदोरकरांच्या आग्रहाने ते शिर्डीस गेले, नोकरी सुटली आणि कीर्तन हेच त्यांचे आयुष्य झाले. ही कथा सांगताना लावणीचा काळ हा पूर्वीचा चिखल आणि कीर्तनाचा काळ हे त्यातून उगवलेले कमळ, अशी मांडणी सहसा केली जाते. भाविकाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात आणखी काही दिसते. 'गजाननविजया'ची ओवी निरक्षर म्हातारीच्याही तोंडी बसते, प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, संवाद चटपटीत होतात, ऐकणारा एका ठिकाणी हसतो आणि पुढच्याच ओवीला त्याचा कंठ दाटतो. समोर बसलेल्या हजार माणसांचे लक्ष कसे धरून ठेवावे हे ज्याला रात्र रात्र जागून उमगले आहे त्याचीच ही लेखणी आहे. ती जाग कीर्तनाची जशी आहे, तशी तमाशाचीही आहे, असे म्हणण्याने ग्रंथाचे पावित्र्य उणावत नाही.

राम जोशी, अनंत फंदी आणि दासगणू, तिघांच्या चरित्रांत लावणीकडून कीर्तनाकडे जाणारी तीच वाट आहे. समाजाने रचलेली ही पचनाची रीत आहे असे मला वाटते. शिवराळ प्रतिभा वाया जाऊ द्यावयाची नसते आणि तिला होती तशी घरातही घ्यावयाचे नसते. मग तिला न्हाऊ माखू घालून घरात घेतात. होनाजीच्या बाबतीत कवीला बदलावे लागले नाही, निवड आपण केली. दिवाणखान्यात म्हणता न येणाऱ्या लावण्या रचणाऱ्या होनाजीचीच भूपाळी पुढे घराघरांत पहाटे गाइली गेली. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी त्याच्यावर चित्रपट काढला त्याचे नावही 'अमर भूपाळी'. लावणीला अमर म्हणण्याचे धाडस तेव्हा झाले नसते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःला एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. जे उरले त्यावरून जे होते त्याचा अंदाज करणे फसवे असते. शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संग्राहकांनी पोवाडे आणि लावण्या मिळवून छापल्या म्हणून ते वाङ्मय वाचले. पण छापताना निवड झाली. सर्वांत उघडी रचना छापखान्यापर्यंत पोचलीच नाही, किंवा पोचली तर फुल्यांच्या मागे उभी राहिली. तेव्हा 'उत्तम तेच टिकले, अश्लील ते आपोआप गळाले' असे म्हणताना काळाच्या चाळणीमागे संपादकाचा हातही होता हे विसरता येत नाही. मोझार्टचे उदाहरण गमतीचे आहे. या महान संगीतकाराने १७८२ च्या सुमारास व्हिएन्नात मित्रमंडळींसाठी एक गाणे रचले. त्याचे मूळ शब्द इतके गलिच्छ होते की त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशकाने ते काढून तेथे निरुपद्रवी आनंदाचे शब्द घातले. शतकभराहून अधिक काळ लोक ते धुतलेले गाणे गात राहिले. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने तर दोन्ही कामे स्वतःच केली. जॉन अँडरसन नावाच्या नवऱ्यावरचे एक जुने चावट लोकगीत त्याला ठाऊक होते. तीच चाल घेऊन त्याने म्हाताऱ्या जोडप्याच्या प्रेमाचे असे गाणे लिहिले की ते इंग्रजी जगभर पोचले. चावट रूप मात्र त्याच्या मृत्यूनंतर १७९९ साली छापलेल्या एका चोरट्या संग्रहात राहिले. ते नष्टही झाले नाही आणि कोणी पाठही केले नाही. अभ्यासक त्याकडे जातात, गाणारे दुसऱ्याकडे.

तेव्हा निव्वळ अश्लीलतेच्या बळावर गाणे टिकते असे दिसत नाही. शिमग्याचेच पाहा. आमच्या वऱ्हाडात होळीच्या दिवसांत बोंबा मारण्याची आणि शिव्या देण्याची मोकळीक कित्येक पिढ्यांपासून आहे. ती मोकळीक टिकली आहे. पण त्यातली नेमकी ओळ कोणाला आठवते? दर वर्षी नवी जुळवायची आणि राखेबरोबर सोडून द्यायची. जिचे काम केवळ मोकळे होणे एवढेच असते ती रचना काम संपले की संपते.

उलट बंदीने गाणे मरते असेही दिसत नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली. पण सुधारणेच्या अटींवर आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या बोलीवर. १९५४ साली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते आणि १९५६ पर्यंत तसेच राहिले. म्हणजे पुण्यात जे गाणे गुन्हा ठरत होते त्यावर येथे त्या हुकमाची सत्ता चालत नव्हती. अश्लीलता ही शब्दात असते की राज्याच्या सीमारेषेत, हा प्रश्न विचारण्यास एवढा दाखला पुरे. मौज अशी की, याच बंदीच्या काळाच्या आगेमागे मराठी चित्रपटाने लावणीला मोठे दालन उघडून दिले. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'ने ती लाट आणली आणि १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. फडावर जे परिनिरीक्षकाच्या पेन्सिलीखाली आले तेच ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि पुढे सुलोचना चव्हाणांच्या गळ्यातून घराघरांत गेले. सुलोचनाबाई डोक्यावरचा पदर ढळू न देता गात. शब्दांतला सारा खट्याळपणा त्यांच्या आवाजाच्या फेकीत असे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. सत्तरएक वर्षे लोकांनी त्यांची लावणी ऐकली ती तिच्यातल्या चावटपणासाठी, की 'ळ' आणि 'ठ' यांच्या उच्चारातल्या त्या ठसक्यासाठी? मला वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत हेच तिचे यश होते.

पण लावणीच्या टिकण्याचा हा इतिहास एवढ्यावर थांबवला तर तो अर्धाच सांगितल्यासारखा होईल. गाणे टिकले, गाणाऱ्या बाईचे काय झाले? पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण्य सोडून त्यांनी फड धरला आणि त्यांच्या लावण्या आजही गायल्या जातात. त्यांच्या फडाची कीर्ती मात्र ज्या पवळाच्या नाचण्या-गाण्यावर उभी राहिली ती महार समाजातली होती. सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देण्याची बापूरावांची तयारी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. नकार गाण्याला नव्हता, बाईला विकून आलेल्या पैशाला होता. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज ठेवला आणि त्यातला बीभत्सपणा व गौळणीची चेष्टा काढून टाकली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांचे हे सोवळेपण इंग्रजी शाळेतून आलेले नव्हते, ते आत्मसन्मानातून आलेले होते. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर लिहिताना आणि अलीकडे शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हाच प्रश्न धसाला लावला आहे. अश्लील म्हणून कोणाला हिणवले जाते आणि 'अस्सल' म्हणून कोण मिरवते, याचा हिशेब जात आणि लिंग वगळून मांडता येत नाही, हे पाईक यांचे प्रतिपादन आहे. लावणी 'महाराष्ट्राचे वैभव' ठरली तेव्हाही ती नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला ते वैभव आले असे म्हणता येत नाही. टिकाऊपणाची चर्चा करणाऱ्या आम्हा रसिकांना ही गोष्ट टोचली पाहिजे.

याच तमाशाच्या बाजाने आणखी एक वळण घेतले. अण्णा भाऊ साठे यांनी छक्कड हा लावणीचाच प्रकार उचलला आणि 'माझी मैना' मुंबईत पोट भरण्यास आलेल्या कामगाराच्या विरहाचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे गाणे झाले. नायिकेच्या वर्णनाची सारी जुनी शिदोरी त्यात आहे. शाहिराने तिला फक्त दुसऱ्या गावाच्या वाटेला लावले. चाल आणि घाट टिकतात, आशय येतो आणि जातो, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते.

मग दादा कोंडके? मराठीत द्व्यर्थी गाण्याचे नाव घेतले की त्यांचे नाव येणारच. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून त्यांनी जे केले त्याला समीक्षकांनी नाके मुरडली, सेन्सॉरने हुज्जत घातली आणि प्रेक्षकांनी चित्रपटामागून चित्रपटाचे रौप्यमहोत्सव केले. १९९८ साली दादा गेले. त्यांच्या गाण्यांपैकी जी केवळ दुसऱ्या अर्थाच्या काठीवर चालत होती ती आज हसवत नाहीत, कारण कोट्या शिळ्या होतात. पण 'ढगाला लागली कळ' घ्या. लग्नाच्या वरातीत ते आजही वाजते, २०१९ साली एका हिंदी चित्रपटाने ते नव्याने वापरले. त्याचा चावट अर्थ ज्यांना कळतो तेही नाचतात आणि ज्यांना कळत नाही ती पोरेही नाचतात. पहिला अर्थ स्वतःच्या पायावर उभा आहे म्हणून दुसऱ्याला तेथे राहण्यास जागा मिळाली. मम्मटाला ही गोष्ट कळली असती, मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या असत्या तरी.

न्यायालये या बाबतीत आपल्याला फार पुढे नेत नाहीत. मर्ढेकरांच्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले आणि ती कविता मराठी नवकाव्याचा पाया ठरली. चंद्रकांत काकोडकरांच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवर खटला झाला, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही निर्दोष ठरविले. पण ती कथा आज कोण वाचतो? अमेरिकेत १९९० साली एका रॅप गटाची अख्खी ध्वनिमुद्रिका न्यायालयाने अश्लील ठरविली आणि १९९२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. टू लाइव्ह क्रू हे त्या गटाचे नाव आज संगीतापेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक घेतले जाते. निर्दोष ठरणे आणि टिकणे यांचा परस्परांशी संबंध नाही.

आता शिवीकडे येतो, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावर शृंगार नव्हता, शिवी होती. एप्रिल २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅप गाण्यातील शिव्यांवरून गुन्हा दाखल झाला आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. चर्चेचा सूर बहुधा 'हे काय चालले आहे' असा होता. पण मराठी वाङ्मयात शिवी नवी नाही. तुकोबांच्या गाथेत दांभिकांवर जे शब्द पडले आहेत ते पाठ्यपुस्तकात येत नाहीत, म्हणून ते नाहीत असे होत नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने तर शिवीला कवितेच्या मध्यभागी आणून बसविले. पन्नास वर्षे उलटली तरी तो संग्रह वाचताना शिवी सैल पडलेली वाटत नाही. कारण ती काढून टाकली तर ओळ कोसळते. त्या वस्तीचे सत्य सांगण्यास दुसरा शब्द भाषेने शिल्लक ठेवलेला नव्हता. उलट ज्या गाण्यात शिवी काढून तेथे दुसरे काहीही भरता येते तेथे ती शिवी म्हणजे पाणी घातलेल्या दुधावरचा फेस. शिवीचा जोर वापराने झिजतो. ओळीची गरज झिजत नाही.

या कसोटीला दुसऱ्या एका कसोटीची जोड द्यावी लागते आणि ती टिकाऊपणाची नसून न्यायाची आहे. आपल्या बहुतेक शिव्या ज्याच्यावर राग असतो त्याच्यावर पडतच नाहीत, त्याच्या आईबहिणीवर पडतात. कित्येक शिव्या म्हणजे तर जातींचीच नावे आहेत. भाव पाडणारा व्यापारी आणि त्याची आई यांचा कापसाच्या सौद्यात काय संबंध? पवळाच्या इतिहासाने जे शिकविले तेच येथे लागू होते. गाण्याची धार कोणाच्या अंगावर चालते हे पाहिल्याशिवाय त्या धारेचे कौतुक करता येत नाही.

समितीचे काम संपल्यावर तो कागद माझ्याजवळ राहिला नव्हता; पण तीन जागा मला नीट आठवत होत्या. हा लेख लिहावयास घेतल्यावर मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि गाणे पुन्हा म्हणावयास सांगितले. पहिली शिवी व्यापाऱ्याच्या आईवर होती. ती खोडली याचा मला आजही खेद नाही, आणि का नाही हे मी त्याला सांगितले. दुसरी केवळ ठेका भरण्यासाठी आलेली होती. तिच्या जागी त्याने स्वतःच बाजाराच्या एका गावाचे नाव घालून दाखविले आणि ओळ अधिक बरी झाली. तिसरी शिवी बापाच्या तोंडी होती. अंधारात रिकामी गाडी घेऊन परत येताना तो ती कोणाला उद्देशून देत नाही. आभाळाकडे पाहून देतो. ती शिवी मी खोडल्यामुळे संमेलनात मुलाने त्या जागी नुसताच ठेका वाजू दिला होता.

तो ठेका सभागृहात बसून मीही ऐकला होता. तेव्हा मला वाटले होते की मुलगा ओळ विसरला. त्याला मी आता सांगितले की ती तिसरी ओळ होती तशी परत लिही, मी चुकलो होतो. तो म्हणाला, "सर, ते गानं जुनं झालं आता. नवं करून रायलो, सोयाबीनवर."